सहा वर्षांचा कुलूपवाला

सांगतो, सांगतो, ढकलू नका! चार माणसं जमली की दर वेळी मलाच का उभं करता हो? तो वरच्या मजल्यावरचा शिंपी बरा गातो, त्याला करा की उभं. ते नाही! "आजोबा, ती कुलपाची गोष्ट सांगा..." गोष्ट? माझी इज्जत गेली आणि ह्यांना गोष्ट! तो कोपऱ्यातला बघा, मी तोंड उघडायच्या आत हसायला लागला. हस बाबा. तुझ्या दाराला असलं कुलूप बसेल तेव्हा येईन मी हसायला.

तर तुम्हाला सांगतो, मी कुलूपवाला. शाळा झाली दोन इयत्ता. तिसरीत मास्तरांनी कपाटाची किल्ली हरवली, मी तारेच्या तुकड्यानं कपाट उघडून दिलं, त्यांनी आधी शाबासकी दिली आणि मग विचार करून हाकलून दिलं. तिथून उस्तादाच्या हाताखाली, आणि तिथून पन्नास वर्षं हेच. पेटीचं कुलूप, कपाटाचं कुलूप, तिजोरी... एक कुलूप दाखवा ज्यानं मला परत पाठवलं! एक! आणि त्या माणसाच्या घराला पोरानं काय बसवावं? ज्याला भोकच नाही असं कुलूप! अहो, कुलपाला भोक नको का?

आठ महिन्यांपूर्वी पोरानं माझं दुकान बंद केलं. "बाबा, आता आराम करा." केला आराम. आराम करून करून गुडघे धरले. मग एका रविवारी आला, खांद्यावर पिशवी, पिशवीत पांढरा डबा. म्हणतो, "बाबा, आता किल्ली हरवायची भानगडच नाही. सगळं फोनवर. जायला, यायला, आतून, बाहेरून." अरे गाढवा, लोकांनी किल्ल्या हरवल्या म्हणून तू जेवलास! लोकांनी किल्ल्या हरवल्या म्हणून तुझी फी भरली! आणि मलाच सांगतोस, हरवायची भानगड नाही?

आता हे डब्याचं प्रकरण सांगायला हवं. आमचा पोरगा पांढऱ्या डब्यातल्या कंपनीचा, आणि जावई काळ्या डब्यातल्या. नोकरी नाही हो करत तिथं, भक्ती! जेवायला शेजारी बसले की झालं सुरू. पोरगा म्हणणार, "आमचं बंद असतं पण सुरक्षित असतं." जावई म्हणणार, "आमचं मोकळं असतं, हवं ते करा." ह्याचं बंद, त्याचं मोकळं, आणि पानातलं गार. दोघांना त्या कंपन्यांनी कधी एक चहा पाजलेला नाही! तर माझा फोन जावयानं दिलेला, काळ्या डब्यातला, आणि कुलूप पोराचं, पांढऱ्या डब्यातलं. दोघांचं आपसात पटेना. भावकीत असतं तसं. शेवटी पोरानं माझ्या फोनात काहीतरी भरलं, त्याला म्हणे 'कुटुंब'. पन्नास वर्षं माझं कुटुंब स्वयंपाकघरात होतं, आता फोनात.

त्या कुटुंबानं माझी जन्मतारीख विचारली. साल असं चाकासारखं फिरवायचं, अंगठ्यानं, मागे मागे मागे. पोरानं फिरवायला घेतलं. माझं साल काय जवळ आहे होय? अंगठा दुखला त्याचा! मधेच त्याला साहेबाचा फोन आला, अंगठा सुटला, आणि चाक जिथं थांबलं तिथं मी जन्मलो. सहा वर्षं! ह्या हातांनी तिजोऱ्या उघडल्या, आणि मी सहा वर्षांचा! पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं? पोरगा बॅग उचलून त्याच्या गावी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला शाळेतून फोन. मुख्याध्यापिका बाई. "आजोबा, तुम्ही अजून काम करता का हो? शाळेची जुनी तिजोरी उघडत नाही, किल्ली सापडत नाही, आत मुलांचे दाखले आहेत. गॅसनं कापणारा अकराला येतोय. त्याच्या आत तुम्ही आलात तर कापणार नाही."

तुम्हाला सांगतो... ती तिजोरी मी बसवलेली. मी आणि उस्ताद. मी सतरा वर्षांचा होतो, उचलताना ती माझ्या पायावर टेकली, हा अंगठा अजून वाकडा आहे. दुकान बंद झाल्यापासून मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं ते तिनं! तिला गॅसनं कापणार? मी म्हटलं, "बाई, मी येतो. कुणालाही हात लावू देऊ नका." दाढी केली. दुकानाची पिशवी काढली. चपला घातल्या. पिशवी काखेत, आणि दाराशी गेलो.

दार उघडेना.

फोन काढला, पोरानं शिकवलं तसं दाबलं. फोनवर आलं, 'परवानगीची वाट पाहत आहे.' आणि आतून स्वयंपाकघरातून आवाज आला, टुंग! ती हिची पाटी. ती नाही का, काचेची, हिच्या मालिका बघायची. ही आतून ओरडली, "अहो, गोळी घेतली का?" बीपीची हो. मी म्हटलं, "अगं थांब, दार उघडत नाहीये!" ती म्हणाली, "आधी गोळी घ्या."

पुन्हा दाबलं. टुंग! "गोळी घेतली का?" आता तुम्हीच सांगा, माणूस घरात कोंडला गेलाय, तिसरा मजला, दुसरं दार नाही, आणि हिला गोळी! मालिकेत कुणी मेलं तरी ही आधी त्याला गोळी विचारेल.

पोराला फोन लावला. कुजबुजत बोलला, "बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर." अरे, मी आत आहे! तर ठेवला. मग फोनलाच तोंडानं विचारलं, बाबा रे, दार आतून कसं काढायचं ते दाखव. फोन म्हणतो, "हे तुमच्या वयाला योग्य नाही." आणि काय दाखवावं? एक ससा. ससा दात घासतोय! गाणं म्हणत घासतोय! माझ्या तोंडात उरलेत चार दात, मी त्याचं काय शिकू? आणि सशाला बाहेर जायला कुणी अडवत नाही, बरं का. दात घासले आणि गेला टुणटुण उड्या मारत!

मग पांढऱ्या डब्यावर नंबर होता तो लावला. अर्धा तास पिपाणी वाजली. मग एक मुलगी, मधासारखा आवाज. "नमस्कार! बाळा, जवळ कुणी मोठं आहे का?" मी म्हटलं, "कोण बाळ?" ती म्हणाली, "फोन मोठ्यांकडे दे हं बाळा." मी म्हटलं, "बाई, मला मोठं कुणी उरलं नाही! ह्या घरात सगळ्यात मोठा मीच!" ती म्हणते, "आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही सहा वर्षांचे आहात. सहा वर्षांच्या मुलाला एकट्याला बाहेर सोडता येत नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व. पण काळजी करू नका, तुमची विनंती दोन्ही पालकांकडे गेली आहे." दोन्ही पालकांकडे! मी म्हटलं, "माझे आईबाप जाऊन तीस वर्षं झाली, तिकडे कशी पोचवलीत? आणि पोचवलीच असेल तर विचारा त्यांना, मुलगा बरा आहे म्हणावं, पण कोंडलाय!" ती पुन्हा क्षमस्व. चार वेळा क्षमस्व. कुलपाला भोक नको का, म्हटलं. क्षमस्व!

सव्वादहा. जावयाला फोन केला, तो दोन गल्ल्या सोडून राहतो. आला बिचारा धावत. दाराबाहेर उभा राहिला. मला वाटलं आता काहीतरी करेल. दाराला टेकून म्हणतो काय, "बघा बाबा, मी तेव्हाच म्हटलं होतं! पांढऱ्या डब्यात अडकलं की हे असं होतं. आमच्या कंपनीत कशी मोकळीक आहे!" मी म्हटलं, "जावईबापू, मोकळीक आहे तर मला मोकळा करा!" तेवढ्यात पोराची मीटिंग संपली, त्याचा फोन आला, मी तो मोठ्या आवाजावर टाकला. चुकलं माझं! पोरगा ओरडतो, "दोष कुलपाचा नाही, त्या काळ्या फोनचा आहे!" जावई दारातून ओरडतो, "फोन चांगलाय, कुटुंबात वय कुणी घातलं?" पोरगा म्हणतो, "सुरक्षितता!" जावई म्हणतो, "स्वातंत्र्य!" एक दाराबाहेर, एक फोनात, आणि मध्ये पिशवी काखेत घेऊन मी, सहा वर्षांचा. मी आपला दाबतोय. टुंग! "गोळी घेतली का?" दाबतोय. टुंग! "आधी गोळी घ्या!"

पावणेअकरा झाले. शाळा चालत दहा मिनिटं.

आता तुम्ही म्हणाल, पन्नास वर्षं मुरलेला कारागीर, पिशवीत हत्यारं, उघडत का नाही? कुठून उघडू? भोक आहे? हा गुळगुळीत दगड, आत दिवा लागतोय निळा. आणि दुसरी वाट होती, नव्हती असं नाही. बिजागरी. पण उस्ताद काय सांगायचे? "कुलपाशी कितीही वेळ बस, पण बिजागरीला हात लावलास की कारागिराचा चोर झालास." पन्नास वर्षं पाळलं हे. लोकांच्या दारात पावसात बसलो, उन्हात बसलो, बिजागरीकडे बघितलंसुद्धा नाही. आणि त्या दिवशी, स्वतःच्या घरात... घड्याळ बघितलं. उस्तादांची माफी मागितली. खिळा लावला, हातोडी मारली. ठक, ठक, ठक. तीन बिजागऱ्या, तीन पिना, जुन्या, गंजलेल्या. आणि काढलं दार!

जावई बाहेरून टेकलेला होता ना, तो दारासकट आत! तोंडातलं स्वातंत्र्य तोंडातच. मी म्हटलं, "जावईबापू, धरा!" बिचाऱ्यानं दोन्ही हातांनी दार कवटाळलं. आणि दार त्याच्या मिठीत असताना, भिंतीला एवढं मोठं भगदाड पडलेलं असताना, फोन गोड आवाजात काय म्हणाला? "तुमचं दार सुरक्षितपणे बंद आहे."

पळालो. ह्या गुडघ्यांनी पळालो. रस्त्यात सिग्नल होता, तो मात्र माझं वय न विचारता हिरवा झाला. शाळेत पोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं. ऑफिसात धूर, जळलेल्या रंगाचा वास. गॅसवाला घाम पुसत होता. तिजोरीच्या दाराला ताटाएवढं भोक. मी कुलपाला भोक मागत होतो ना सकाळपासून? घ्या!

बाई म्हणाल्या, "आजोबा, मी तुमच्यासाठी पाच मिनिटं थांबवलं होतं हो त्यांना." त्यांची काय चूक? मी तिजोरीवर हात ठेवला. गरम होती. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखी. मग गॅसवाल्यानं भोकातून हात घातला, दाखले काढले, आणि शेवटी काढलं एक पाकीट. पाकिटात काय? किल्ली. ह्याच तिजोरीची दुसरी किल्ली! कुणीतरी जपून, कुलूपबंद ठेवली होती! गॅसवाल्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तो म्हणाला, "चुकलो बाबा, पाच मिनिटं आणखी थांबायला हवं होतं." सज्जन माणूस.

घरी आलो. जावई दार धरून उभाच! म्हटलं, ठेवायचं होतं की खाली. म्हणतो, "तुम्ही धरा म्हणालात." दोघांनी मिळून दार बसवलं. आत गेलो, खुर्चीत बसलो, ही पाणी घेऊन आली, दुसऱ्या हातात गोळी. घेतली गुमान. मग ही पाटी पुढं करते आणि म्हणते, "हे टुंग टुंग तुमचंच होतं ना?"

मी बघितलं. पाटीवर लिहिलेलं, 'तुमच्या मुलाला बाहेर जायचं आहे. परवानगी द्यायची का?' हो, नाही. सात वेळा. सातही वेळा, नाही. पोरानं पालक दोन लावले होते हो! एक तो, एक ही! तो आधी मीटिंगमध्ये, मग भांडणात, आणि हिची पाटी मांडीवर!

मी म्हटलं, "अगं, तुला माहीत होतं मीच तो?"

"होतं की. घरात दुसरं मूल कुठंय?"

"मग हो का नाही दाबलंस?"

"तुम्ही गोळी घेतली होती?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग'ला, मंडळी, पन्नास वर्षांत मला किल्ली सापडलेली नाही.

म्हणजे दार बंद नव्हतंच! साडेनऊला एक गोळी गिळली असती तर दहाच्या आत तिजोरीपुढं बसलो असतो! कुलपाला भोक नव्हतं, पण गोळी चालत होती त्याला!

आता विचारा, पुढं काय? पुढं काय असायचंय? माझं वय अजून तेच आहे. पोरगा म्हणतो, पुढच्या वेळी येईन तेव्हा बदलतो, अंगठा बरा होऊ दे. तोवर मला सातवं लागेल. मी दाबतो, आत टुंग वाजतं, आणि गोळी घेतली असेल तर दार उघडतं. माफी म्हणाल तर पोरानं मागितली, जावयानं मागितली, त्या मधाच्या आवाजाच्या मुलीनं चार वेळा मागितली, गॅसवाल्यानं मागितली, आणि उस्तादांची मी मागितली. एकच माणूस राहिलंय. आज मागेल, उद्या मागेल... ते बघा, दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली, एका हातात पाण्याचा पेला, एका मुठीत गोळी, आणि मला खुणावतंय, झालं असेल तर या. येतो बाई, येतो... ती. माझी बायको.