शनिवारचा शेवटचा तास

सन्माननीय अध्यक्ष सदाशिवभाऊ, मंचावरचे मुख्याध्यापक आणि पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला जमलो त्या सुहासिनी मॅडम, समोर बसलेल्या आयाबाया, गुरुजी आणि पोरापोरींनो, सगळ्यांना इंदूबाईचा नमस्कार. हे वाचून दाखवणारी माझी नात सलोनी, तिलाही नमस्कार. ती चष्मा विसरणार हे मला काल लिहून घेतानाच ठाऊक होतं, म्हणून तो मी पदराला बांधून आणलाय. ये, घेऊन जा. मंडळी थांबतील.

माझ्या हाताला अक्षर नाही. मी बोलले, सलोनीनं लिहिलं. मधेच म्हणाली, "आजी, मले नाई लिहत, मला लिहतात." म्हटलं, लिही तुह्या मनानं, पण गाळू नको काही. मी पहिल्या रांगेत बसून राहीन. मला वाचता येत नाही, ऐकू मात्र येतं.

मुख्याध्यापकांनी मॅडमबद्दल दोन शब्द सांगायला सांगितले. मॅडमच्या गुणांवर माझ्याआधी शिकलेली माणसं बोलून गेली असतील आणि थोडी लांबली असतील. मला बोलायचंय ते शनिवारच्या शेवटच्या तासाबद्दल. मॅडम गेल्या की तो तास जाणार आणि त्या जागी गणिताचा जादा वर्ग येणार, असं कानावर आलं. खरं-खोटं सदाशिवभाऊंना ठाऊक, शाळेची समिती त्यांच्या हातात.

काय होत असे त्या तासाला? आठवी-नववीच्या पोरांना मॅडम नाटक, नकला, गाणं शिकवायच्या. सुरुवातीला मीही नाक मुरडलं. यवतमाळच्या नोकरदार घरातली बाई रोज एसटीनं बोरी अरबला येते ती पोरांना सोंगं शिकवायला? काम सांगितलं की पोट दुखायचं सोंग आमच्या पोरांना बिनमास्तरचं येतं.

पण मॅडमचा एक नियम होता. गावातल्या जित्या माणसाचं सोंग घ्यायचं, तर मंचावर जायच्या आधी त्या माणसाच्या दारात जाऊन त्याच्यासमोर करून दाखवायचं. त्यानं हो म्हटलं तर ठेवायचं, नाही म्हटलं तर सोडायचं. अभिषेकनं शाळेचे शिपाई किसनराव यांची चाल उचलली होती. गेला बिचारा त्यांच्या दारात. किसनरावांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, "पोट्ट्या, माहा उजवा पाय दुखते, तू डावा कायले ओढून राह्यला?" मग तासभर पोरगं त्यांच्या मागे चालत होतं. तेव्हापासून त्यांची पाण्याची कॅन तोच उचलतो म्हणे. मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

आता सलोनीचं. वाच, थांबू नको.

दारव्ह्याच्या स्पर्धेसाठी नाटक बसलं. त्यात एक म्हातारी रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा लावते आणि मशीन तो घेत नाही. ती अंगठा चाटते, लुगड्याला पुसते, मशीनला शिव्या घालते. तालमीत पोरं हसून लोळायची. म्हातारी झाली होती सलोनी, आणि ती म्हातारी मी होते. साठ वर्षं कापूस वेचला, अंगठ्याच्या रेषा बोंडांनी नेल्या. मशीनला काय सापडणार? सलोनीनं हे साऱ्या आळीला करून दाखवलं, मला तेवढं नाही. मॅडमनी विचारलं तर म्हणाली, "आजीले काय विचाराचं? घरचीच तं हाये."

मॅडम म्हणाल्या, आजीनं हो म्हटल्याशिवाय हा प्रवेश दारव्ह्याला जाणार नाही. स्पर्धा चार दिवसांवर होती, आणि त्या प्रवेशावरच पहिला नंबर येणार असं सगळे धरून चालले होते.

संध्याकाळी मी ओसरीवर तूर पाखडत होते. ही आली, डोक्यावरून ओढणी घेतली आणि करून दाखवलं. मी सूप खाली ठेवलं नाही.

"कसं वाटलं वं आजी?"

"अंगठा बरा हाये. मान चुकली."

"मान?"

"तू मशीनीकडं पाहून राह्यली. मी मशीनीकडं नाई पाहत. मी मांगं पाहतो."

"काहून?"

"रांगेत कोन हासलं ते पाह्याले. त्या दिवशी तू बी होती रांगेत."

सलोनी खाली बसून तुरीतले खडे वेचू लागली. ते काम तिनं त्याआधी कधी केलेलं मला आठवत नाही. मग मी हो म्हटलं, मान सुधारायच्या अटीवर.

दारव्ह्याला म्हातारीनं मागे वळून पाहिलं आणि हॉलमध्ये कोणी हसलं नाही. नंबरही आला नाही. विनोद कमी पडला, असं परीक्षक म्हणाले. मॅडम मात्र येताना गाडीत अशा खूश होत्या, की ड्रायव्हरला वाटलं ढाल मिळाली.

तेव्हापासून रेशनच्या दिवशी सलोनी रांगेत माझ्या मागे उभी राहते. मी वळून पाहिलं की तीच दिसते. मशीन अजून अंगठा घेत नाही, पण ते काही मॅडमच्या तासाला बसलेलं नाही.

गणित शिकवू नका असं मी म्हणत नाही. पण ही पोरगी त्या दिवशी हसली, ती काय वजाबाकी येत नव्हती म्हणून? शाळेच्या फळ्यावर रोज चांगल्या वागणुकीचं काहीतरी लिहिलेलं असतं म्हणतात. मला ते वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं ते तिथे थांबलेले मला दिसत नाहीत.

मॅडम, तुम्ही दिग्रसला लेकीकडे राहायला जाता, सुखानं जा. नवं कोणी येईपर्यंत शनिवारी त्या तासाला मी येऊन बसेन. शिकवणार काही नाही. पोरं करून दाखवतील, मी कुठं चुकलं ते सांगेन.

बोलावलंत, ऐकून घेतलंत, आभारी आहे. वाचताना अडखळलं असेल ते सलोनीचं, वाकडं बोललं गेलं असेल ते माझं. दोन्ही पोटात घाला.

आणि सदाशिवभाऊ, समितीचं काय ठरलं त्याचं पत्र मला पाठवू नका. तास राहणार असेल तर शनिवारी शाळा सुटताना तुमच्या घरून माझ्यासाठी गोळाभात पाठवा. रुक्माबाई वहिनींना सांगा, गोळे मऊ करायचे, मला दात नाहीत, आणि फोडणीचं तेल वेगळ्या वाटीत.