माणसं भरून आवळलेले बोल्ट

आता हसू नका, पण आमच्या बालाजीनं ट्रकचे पाटे, म्हंजे चाकांवरच्या स्प्रिंगा, दारातच बदलले. दुसऱ्या दिवशी कांदा घेऊन सोलापूर गाठायचं होतं. पोरगं गाडी जॅकवर असतानाच पाट्यांचे बोल्ट आवळायला लागलं.

मी म्हणालो, "बाळा, चाकं टेकव, वजन पडू दे, मग आवळ. न्हायतर वाटेत ढिले पडतील."

"रिकाम्या गाडीत वजन कुठनं आणू, आबा?"

त्याची आई म्हणाली, "गल्ली बसवा की!"

सगळी गल्ली हौद्यात चढली. बोल्ट खरंच अर्धा फेरा आणखी फिरले.

"झालं, उतरा आता," बालाजी म्हणाला.

शेजारची काशीबाई पाय पसरून बसलेली. "तुळजापूर दावल्याबिगर कोण उतरतंय?"

गेलो बाबा! नवे पाटे धावले की बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, म्हणून दर्शन झाल्यावर बालाजीनं पाना काढला आणि स्वतःच हाळी दिली, "काशीमावशी, आधी तुम्ही बसा, मग आवळतो!"