तार नको, गादी नको

...आणि तार तापते हो! तुम्हाला सांगते, तार तापते! कसली तार म्हणाल तर ब्राची, ती खालून अर्धगोल घालतात ना, आधारासाठी म्हणे, ती! आता तुम्ही खुर्चीवर बसून काम करणाऱ्या बायका, तुमची तार कशाला तापेल? पण मी तंदूरात वाकते, कमरेपर्यंत आत, रोज पहाटे, पाच डझन नान लावायचे म्हणजे साठ वेळा खाली आणि साठ वेळा वर, आत पऱ्हाट्यांचे निखारे रसरसलेले, आणि त्या दिवशी एकेचाळिसाव्या नानला ती तार अशी चरचरली, अशी चरचरली की मी जी किंचाळले, हातातला नान निखाऱ्यात, आणि अंगणाच्या त्या टोकाहून आमच्या ओयी, म्हणजे माझ्या सासूबाई, चहाची वाटीसुद्धा खाली न ठेवता विचारतात, "काय गं सानोबार, कोण गेलं?" कोण गेलं! मी जातेय ओयी, मी!

आणि मी मागत काय होते हो? तार नको, गादी नको, नुसता आधार हवा! एवढंच! एवढंसुद्धा मिळू नये बाईमाणसाला?

बावीस वर्षं झाली मला या घरात येऊन. आले तेव्हा काही म्हणता काही येत नव्हतं मला, पुलाव केला तर खालून करपायचा न् वरून कच्चा, नणंदा तोंडाला ओढणी लावून हसायच्या, पण ओयींनी मला हाताला धरून तंदूरापाशी नेलं आणि म्हणाल्या, "हा आता तुझा." या घरात माझी म्हणावी अशी ती पहिली वस्तू. आता आमच्या या मर्गिलान शहरात निम्मा मोहल्ला आमच्या दारात उभा असतो सकाळी. पण खांदे बघाल तर... पट्ट्यांनी अशा नाल्या पडल्यात की पाऊस आला तर पाणी वाहील. मान वळत नाही, हात वर जात नाही, शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. एवढीशी पोरगी, अंगावर मूठभर मांस नाही, ती मला सांगते, "वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, आगीजवळ जायचं नाही." अगं मग जगायचं नाही असं सरळ सांग ना!

आता ओयी काही वाईट नाहीत हं. उगाच सासू म्हटलं की तुमचे चेहरे बदलतात! त्या काळजीनेच म्हणाल्या, "पोरीच्या जिवापेक्षा तंदूर मोठा आहे का? शनिवारी त्या तंदूर बांधणाऱ्या गवंड्याला, उस्ता सोदिकला बोलावते, पाडून टाकू दे. गॅसची भट्टी आणू." सोमवार होता तो. गॅसच्या भट्टीतला नान बघितलाय तुम्ही? वरून पांढरा, खालून पांढरा, आजारी माणसासारखा! मी त्या रात्री जेवले नाही. म्हटलं, शनिवारच्या आत काहीतरी केलंच पाहिजे. खांदा दुखतो तो वाकण्याने नाही, हे मला कळत होतं, पण डॉक्टरीणबाईला कोण सांगणार, की बाई, माझा आजार वाकण्यात नाही, ब्रात आहे!

मंगळवारी बाजारात. आमचे हे घेऊन गेले गाडीतून, पण दुकान कशाचं आहे ते दिसल्याबरोबर यांनी जी पाठ फिरवली, ती समोरच्या दुकानातली फावडी बघत उभे राहिले, इतकी बघितली, इतकी बघितली की दुकानदाराने यांना दोन फावडी विकली. आमच्याकडे शेत नाही.

आणि आत ती दुकानातली पोरगी, नखं ही एवढाली, मला ताई म्हणून ओपाजान, ओपाजान करतेय, "या ओपाजान, या, या! सगळा तुर्कीचा माल! नंबर किती आपला?" आता नंबर मला काय माहीत? पिठाचा गोळा हातात दिला तर ग्रॅमपर्यंत वजन सांगीन, स्वतःचा नंबर कोण बघतंय! तिने एक काढली. तार. दुसरी काढली. दोन तारा! तिसरीत आत चार बोटं स्पंज! म्हटलं बाई, देवाच्या दयेने माझ्याकडे आहे ते पुष्कळ आहे, त्यावर आणखी गादी कशाला? तर म्हणते, "ओपाजान, ही घाला, सगळं कसं वर उचललं जातं!" अगं, सगळं वर आलं तर मला तंदूरात दिसायचं कसं? "मग तुम्हाला हवंय तरी काय?" तार नको, गादी नको, नुसता आधार हवा! ती माझ्याकडे असं बघायला लागली, जसं काही मी पीठ न घालता नान मागतेय. "तसं नसतं ओपाजान. तारेशिवाय आधार कुठे असतो!"

निघाले मी. तर ती आडवी! "ओपाजान, सकाळपासून भवानी नाही झालेली! पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर माझा अख्खा दिवस..." झालं! आता मी स्वतः नान विकणारी बाई, पहिलं गिऱ्हाईक परत गेलं की दिवस कसा जातो ते मला माहीत नाही? घेतली. गुलाबी, लेस लावलेली, चार बोटं स्पंजाची. तिने माझी नोट कपाळाला लावली आणि मग दुकानात टांगलेल्या एकेका ब्राला हलकेच मारत गेली, बरकत हिलाही लागो, तिलाही लागो! आणि मी बाहेर येऊन गाडीत बसले, मांडीवर एक गुलाबी पुडकं, मागे दोन फावडी.

घरी येऊन ती नुसती हातात धरली आणि ठेवून दिली. अंगाला लावली नाही! हे लक्षात ठेवा बरं का, अंगाला लावली नाही, पुढे याच्यावरच सगळं अडलं!

बुधवारी काय झालं, माझी रपिदा फाटली. रपिदा म्हणजे आमची ती गोल फुगीर उशी, तिच्यावर नान पसरायचा आणि हात आत घालून तंदूराच्या भिंतीवर थापायचा. बावीस वर्षांची उशी, शिवण उसवून आतला कापूस बाहेर. पीठ फुगलेलं, तंदूर तापलेला, बाहेर माणसं उभी! आणि माझी नजर गेली त्या पुडक्यावर... आता हसू नका! गोल होती, फुगीर होती, स्पंजाची होती, अगदी कोरी होती! कात्री घेतली, एक वाटी कापली, वर पांढरं फडकं शिवलं, आणि खरं सांगते, खोटं कशाला बोलू, असे नान उतरले त्या दिवशी, असे उतरले, मधोमध टच्च, कडेने फुगलेले... बावीस वर्षांत असे नाही उतरले!

आणि ओयींनी धुवायला म्हणून ते फडकं सोडलं.

मी बघते तर ओयी अंगणात उभ्या, एका हातात फडकं, दुसऱ्या हातात गुलाबी लेस. "सानोबार... हे काय आहे?" मी सांगितलं. "यावर तू नान लावलास?" आता आमच्यात नान उलटा ठेवला तरी म्हातारी माणसं उठून सरळ करतात, जमिनीवर तुकडा पडला तर उचलून, कपाळाला लावून, उंच जागी ठेवतात, आणि मी तो... ब्रावर! साठ नान दस्तरखानात, जेवायला अंथरतो त्या कापडात गुंडाळलेले, गरमागरम! फेकावेत तर पाप, खावेत तर किळस, विकावेत तर मोहल्ल्यात तोंड दाखवायला जागा नाही! दाराशी माणसं ओरडताहेत, "ओयी, नान!" आणि ओयी दारामागून सांगताहेत, "आज... आज पीठ फुगलं नाही!" साठ नानचा घमघमाट गल्लीभर सुटलेला!

ओयींनी मला कोपऱ्यात घेतलं. "ही तू अंगाला लावली होतीस का?" म्हटलं, नाही हो ओयी, देवाशपथ नाही! "तू नाहीच म्हणणार!" आता याला साक्षीदार कुठून आणू? तेव्हा ओयी म्हणाल्या, "रिसोलातला बोलवा."

रिसोलात-ओपा! अहो, काय बाई! शहात्तर वर्षांची, आमच्या पलीकडे तिसरं घर, शिवणकारखान्यात तीस वर्षं ब्रा शिवल्या, दुसरं काही नाही, नुसत्या ब्रा! आणि बावीस वर्षं मी तिला रोज दोन नान देतेय आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही हो! आली, चष्मा कपाळावर ढकलला, ती कापलेली ब्रा उचलली, पट्टा एकदा ताणला, सोडला, हुक उजेडाला धरले आणि दोन मिनिटांत निकाल! "कोरी आहे. इलास्टिक एकदाही ताणलेलं नाही, हुकाचा रंगसुद्धा उडालेला नाही. खा खुशाल." आणि स्वतः एक नान मोडून तोंडात टाकला! ओयींनी दस्तरखान उघडला.

मग रिसोलात-ओपा चावता चावता माझ्याकडे बघते. नुसती बघते, वरून खाली. "आणि ही तुला होणारही नव्हती. आता घातलीयेस ती दोन नंबर लहान आहे, डावा पट्टा उजव्यापेक्षा जास्त ओढलायस, आणि तुझा डावा खांदा दुखतो." अहो, नुसतं बघून! त्या डॉक्टरीणबाईने माझे तीन फोटो काढले होते हाडांचे! मला रडूच आलं. म्हटलं, ओपा, तार नको, गादी नको, नुसता आधार... तर मला पुरतं बोलूच देईना. "तार?" म्हणाली. "ज्याला शिवता येत नाही तो तार घालतो."

ऐकलंत? ऐकलंत वाक्य!

आणि संध्याकाळी, तंदूर निवल्यावर, माप कसं घेतलं माहितीये? टेप नाही, काही नाही, एक दोरा. मी आपली ताठ उभी राहिले, हात वर करून. तर पाठीत एक धपाटा! "उभं राहून घेतात ते उभ्या बाईचं माप. तू वाकतेस ना? मग वाक!" मला तंदूरापाशी नेलं, विझलेल्या तंदूरात मला वाकायला लावलं, हात पुढे, नान लावतेय असं कर म्हणाली, आणि मी अशी अर्धी आत, आणि ती माझ्याभोवती दोरा फिरवतेय, गाठी मारतेय, आणि वरून बोलतेय, "वजन खांद्यावर टाकायचंच नाही पोरी. खालचा पट्टा रुंद घ्यायचा, तीन पदरी, सगळं काम त्याने करायचं. खांद्यावरची पट्टी नुसती सोबतीला." तंदूरात माझ्या कानात ते घुमत होतं, आणि मी आत तोंड घालून म्हणत होते, हो ओपा, हो ओपा.

दोन दिवस तिच्या मशीनची खडखड ऐकत होते मी. शुक्रवारी घालून बघायला बोलावलं. "हात वर. वाक. वळ. आता शिंक." शिंकू? "खोटी शिंक गं!" शिंकले. "नाही," म्हणाली, "काखेत ओढतेय," आणि मला काही कळायच्या आत टराटरा उसवली! तीनदा शिवली, तीनदा उसवली हो, शहात्तराव्या वर्षी, आणि चौथ्यांदा माझ्या हातात दिली ती सुती अस्तराची, वरून अद्रसची, आमचं ते रेशीम मिसळलेलं कापड, लाल-पिवळ्या वेलांचं! माझ्या लग्नाच्या कपड्यांपेक्षा सुंदर! म्हटलं, ओपा, ही तर आत जाणार, कुणाला दिसणार? "तुला माहीत असेल ना?" म्हणाली.

शनिवार. उस्ता सोदिक हजर, हातोडा घेऊन, बरोबर मातीची पोती, तंदूर पाडला की जमीन सारखी करायला. मी म्हटलं, ओयी, एकदाच लावू द्या, मग पाडा. ओयींनी उस्ताला हाताने थांबवलं. लावायला लागले. दहा. वीस. एकेचाळिसाव्याला क्षणभर थांबले, सवयीने... काही नाही! चटका नाही, कळ नाही! साठावा लावून वर आले तर माझे डोळे नुसते वाहत होते, आणि मी म्हटलं धुराने. ओयी उठल्या, जवळ आल्या, माझ्या डाव्या खांद्यावर अंगठा रुतवला. "दुखतं?" नाही ओयी. आणखी जोरात. "आता?" नाही हो! मग त्यांनीही डोळे पुसले. त्यासुद्धा धुराने म्हणाल्या.

"उस्ता," म्हणाल्या, "हातोडा ठेव. हा तंदूर राहतो."

आणि मी तंदूराच्या कडेला हात टेकून उभी, मनातल्या मनात रिसोलात-ओपाच्या पाया पडत. आता उस्ता सोदिक बिचारा गरीब माणूस, तो म्हणतो, "बरं ओयी, पण माझा आजचा दिवस मोडला, माती आणली ती वेगळी..." ओयींनी मातीकडे बघितलं. अंगणाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, अगदी खालपासून वरपर्यंत, आणि म्हणाल्या,

"दिवस कशाला मोडतोस? त्या कोपऱ्यात दुसरा तंदूर बसव. आमच्या सुनेला आता आधार आहे!"

घ्या! मागा आणखी आधार!