बद्द नाणं आणि बारा दोऱ्या

"वाजवून दे रे, बाबा."

हा आवाज, मंडळी, चाळीस वर्षं माझ्या कानात बसलाय. आमची कावेरीआत्या मंगळवारच्या बाजारात फुटाणे विकायची. पुढ्यात एक सपाट काळा दगड. गिऱ्हाइकानं रुपया पुढे केला की ही हात मागे घेणार आणि म्हणणार, वाजवून दे. मग त्यानं तो दगडावर आपटायचा. खण्णकन बोलला तर घेणार. नुसताच पडला, शिशाचा निघाला, तर तोंड फिरवून एकच शब्द – "बद्द." सख्ख्या भावालाही सोडलं नाही तिनं. आम्ही पोटभर हसायचो.

ती बघा, इथंच आहे. त्या खांबाला टेकून, हिरवं लुगडं. शहाऐंशी वर्षांची. आता कान गेलेत, तेव्हा मी काय बोलतोय हे तिला कळत नाहीये. तुम्ही चुगली करू नका म्हणजे झालं.

तर ऐका. परवा भाचीनं मला गाठलं. म्हणाली, "मामा, तुम्ही गावोगाव कीर्तनं करता, मग एवढं सांगा. ते कॉम्प्युटरमधलं नाणं, क्रिप्टो म्हणतात ते, त्यावर कुणा राजाचा शिक्का नाही, पण हिशेब हजारो यंत्रांत एकदम लिहिलेला. कुणाला खोडता येत नाही. मग सरकार त्याला नाणं का म्हणत नाही? मोठी बँक एवढी का बिचकते?" मी म्हटलं, "अगं, पण त्याच्या नफ्यावर कर तर घेतात ना?" म्हणाली, "घेतात की." म्हणजे बघा, सावत्र पोराकडून पाणी भरून घ्यायचं, पण पंगतीला पाट मांडायचा नाही!

हसलात. मी त्या रात्री हसलो नाही. झोपही आली नाही. ज्यावर शिक्का नाही ते खोटं, असं म्हणावं. तर ज्यावर शिक्का आहे ते सगळं खरं का? आणि जो ठामपणे नाही म्हणतो, तो आपल्या भल्यासाठी म्हणतो, की त्याच्या मुठीत काही झाकलेलं असतं म्हणून म्हणतो?

पेटीवाले, सूर जरा वरचा धरा. आज मन एका जागी बसत नाही.

*रुपया वाजविते, दगड झाला कान*
*खऱ्याला फुटे सूर, खोट्याची मुकी मान*

तळवडी नावाचं एक संस्थान होतं. नकाशात शोधू नका, मी सांगतोय म्हणून आहे. राजाचं नाव सुभानराव. वय कोवळं, उत्साह दांडगा. आणि टांकसाळीवर विसाजीपंत पोतदार. पोतदार म्हणजे नाणं पारखणारा. तळवडीचं प्रत्येक चांदीचं नाणं त्यांच्या हाताखालून बाहेर पडायचं. थोरल्या महाराजांच्या काळचा माणूस. बोलणं कमी, धोतर पांढरंशुभ्र.

काय झालं, तळवडीची नाणी हळूहळू बद्द बोलायला लागली. एक खणखणीत, दोन मुकी. लोक पंतांकडे गेले. पंत म्हणाले, "नाणं चांगलं आहे. तुमचे कान खराब झालेत."

आता सांगा. अख्ख्या गावाचे कान एका वर्षात खराब होतात?

लोक परत आले. पण बाजार तर चालला पाहिजे. चूल काही पंतांना विचारून पेटत नाही. मग सोमवारच्या बाजारात, चिंचेखाली, लोकांनी एक तोड काढली. बारा दुकानांच्या बारा खांबांना बारा लांब दोऱ्या टांगल्या. आणि त्यांवर गाठ मारायला प्रत्येकाचा दोरा निराळ्या रंगाचा. राही कासारीण होती, बांगड्या भरायची, तिचा दोरा हिरवा. राहीनं माळणीच्या हातात चुडा भरला की दोघी मोठ्यानं ओरडायच्या, "राहीला एक गाठ!" आणि बाराही दोऱ्यांवर हिरव्या दोऱ्याची एक गाठ पडायची, माळणीची एक सुटायची. एक गाठ म्हणजे एक पायली जोंधळा, असं सगळ्यांनी मनाशी धरलं. झालं चलन!

कुणी लबाडी केली तर? कशी करणार? एक दोरी फिरवशील, दोन फिरवशील. बारा माणसांच्या बारा खांबांशी तुझी गाठ आहे.

*बारा गं दोऱ्यांना एकच गाठ पडे*
*एकीची तुटे जरी, अकरा बोलती पुढे*

या राहीची काचेची भट्टी पावसाळ्यात खचली होती. भट्टी गेल्यापासून ती दुसऱ्याच्या बांगड्या टोपलीत घालून दारोदार फिरायची. दिवसभर "बांगड्या घ्या" म्हणून ओरडायचं आणि नफा ज्याची भट्टी त्याचा. धोंडू बेलदार म्हणाला होता, "चाळीस गाठी आण, भट्टी उभी करून देतो." दोन वर्षं राही एकेक गाठ राखत होती. येता-जाता खांबापाशी थांबायची आणि हिरव्या गाठींवरून बोट फिरवायची, माळ ओढावी तशी.

गोष्ट वाड्यावर गेली. राजाला गंमत वाटली. भरदरबारात म्हणाला, "पंत, लोक म्हणतात शेतसारा गाठींत भरतो. चांदी नको, साचा नको. घ्यावा का?"

"नको."

"का हो?"

"नको, महाराज."

"तुमची टांकसाळ ओस पडेल म्हणून?"

दरबार हसला. पंतांचे कान लाल झाले. म्हणाले, "गाठीला धनी नाही. जिला धनी नाही, तिला जाब विचारता येत नाही. आज लोक तिला पायली म्हणतात, उद्या मूठ म्हणतील. मग रडत कुणाच्या दारी जातील? तुमच्याच. आणि तुमच्या हातात तेव्हा काय असेल? दोरी."

बोलणं खोटं होतं का, मंडळी? नव्हतं. तरी काहीतरी राहिलं होतं. घास गिळताना मध्येच अडकावा, तसं.

आणि बाजार कसा असतो बघा. राजा सारा गाठींत घेणार, अशी नुसती हूल उठली, तर गाठ तीन पायल्यांवर गेली! ज्यांनी जन्मात दोरी पाहिली नव्हती ते गाठी घ्यायला धावले. एकानं बैल विकला. बायकोनं विचारलं, "बैल कुठंय?" तर म्हणाला, "खांबाला बांधलाय." खोटं नव्हतं!

पण राजानं पंतांचं ऐकलं. दवंडी पिटली. येत्या सोमवारी बाराही दोऱ्या चावडीपुढे जाळणार. त्याच दुपारी गाठ तीन पायल्यांवरून मुठीवर आली. राहीच्या चाळीस गाठींत आता भट्टी सोडा, भट्टीची एक वीट येईना.

राही तडक पंतांच्या ओसरीवर गेली. पायरीवरूनच म्हणाली, "पंत, माझी भट्टी जाळताय तुम्ही."

"मी आधीच सांगितलं होतं, राही. गाठीला धनी नाही."

"धनी असलेलं नाणं घेऊन आले होते ना तुमच्याकडे? सहा वर्षं झाली. काय म्हणालात? तुझे कान खराब आहेत. माझ्या सासूनं त्या दिवसापासून कानात तेल घालायला सुरुवात केली हो, पंत. मरेपर्यंत घालत होती."

राहीनं कनवटीचं एक नाणं काढलं, त्यांच्या पुढ्यातल्या दगडावर अलगद ठेवलं. "वाजवा."

पंतांनी नाण्याकडे पाहिलं. वाजवलं नाही. जन्मभर ज्या हातानं दुसरं काही केलं नाही, तो हात मांडीवरून उठला नाही. राहीनं वाट पाहिली. मग नाणं उचललं आणि निघून गेली.

सोमवार उजाडला. चावडीपुढे बारा दोऱ्यांचा ढीग. सगळं गाव जमलेलं. लोकांना हेही कळेना की रडायचं कशावर – दोरीवर, राजावर, की आपल्याच हावेवर. राही पुढे उभी. हिरव्या गाठी ढिगात कुठं गेल्या ते तिला दिसेना.

राजानं पलिता पंतांच्या हातात दिला. "तुमचं खरं ठरलं, पंत. तुम्हीच लावा."

पंत दोन पावलं गेले. थांबले. पलिता हातात तसाच जळतोय.

*मनाची गाठ बाई, नखानं उकलेना*
*बोलल्याबिगर तिचा पीळ काही सुटेना*

पंत म्हणाले, "राही, ते नाणं दे."

पलिता खाली टाकला, पायानं विझवला. वाकून चावडीच्या पायरीवर नाणं आपटलं. सगळ्या गावानं ऐकलं. बद्द.

"तुझे कान चांगले आहेत," पंत म्हणाले. "दुष्काळ पडला तेव्हा थोरल्या महाराजांनी सांगितलं, चांदीत चौथाई तांबं घाला. घातलं. त्या नाण्यांवर घाटाखालचं धान्य आलं, गाव जगलं. त्याची मला लाज नाही. धनी असला की असं करता येतं, गाठीला ते करता येत नाही. पण पुढच्या वर्षी पाऊस पडला आणि मी तांबं काढलं नाही. कुणाला कळलं नव्हतं. मग त्याच्या पुढच्या वर्षी आणखी थोडं घातलं. महाराज, या दोऱ्या लोकांनी नाही बांधल्या. माझ्या न बोलण्यानं बांधल्या."

राजा घोड्यावरून उतरला. मग म्हणाला, "सारा गाठींत घेणार नाही. गाठींचा धनी मला व्हायचं नाही. पण दोऱ्याही जळणार नाहीत. टांकसाळीतून किती नाणी निघाली, त्यांत चांदी किती, हे दर सोमवारी चिंचेखाली ओरडून सांगायचं. आणि बाराही दोऱ्यांवर त्याची गाठ मारायची."

आणि राही? धोंडू बेलदार गर्दीतून पुढे आला. "चाळीस गाठी म्हणालो होतो," म्हणाला, "चाळीसच. मूठ नाही, तीन पायल्या नाहीत. तुझ्याकडं बघून बोललो होतो, दोरीकडं बघून नाही." दिवाळीच्या आत भट्टी पेटली.

आता मायबाप, गोष्ट तळवडीत ठेवून घरी जायचं नाही. पहिल्या रांगेत बँकेचे साहेब बसलेत. साहेब, तुमचं नाही म्हणणं मला पटतं, पण नाही म्हणताना आपलं नाणं चारचौघांत वाजवून दाखवा. मागे मोबाइल घेऊन बसलेल्या पोरांनो, तुमच्या बारा दोऱ्याही खऱ्या. पण दोरी खोटं अडवते, हाव अडवत नाही. बैल विकू नका.

आणि बाकीचे गालात हसताहेत, की हे आपल्यासाठी नाहीच. आपल्याकडे कुठली टांकसाळ? असं कसं? चांगल्या दोन शब्दांत एक तांब्याचा मिसळून आपण रोज घरात चालवतो. समोरच्याला शंका आली तर म्हणतो, तुझेच कान खराब. खरं की नाही? बघा आपापल्या मुठीत. मी थांबतो.

मीही बघतो.

मंडळी, सुरुवातीला मी एक गोष्ट अर्धीच सांगितली. कावेरीआत्या आधी "वाजवून दे" म्हणत नव्हती. तिच्यापुढं दगडही नव्हता. कुणी काही दिलं तर हसून घ्यायची. मी बावीस वर्षांचा घोडा होतो. कुणीतरी मला शिशाचा रुपया दिला होता, तो खपत नव्हता. एका मंगळवारी आत्या पाणी प्यायला वळली, तेव्हा मी तो तिच्या डब्यात टाकला आणि चांगला उचलला. संध्याकाळी भर बाजारात वाण्यानं तो तिच्या अंगावर फेकला. म्हणाला, "म्हातारपणी खोटी नाणी चालवतेस?" ती तेव्हा जेमतेम पंचेचाळिशीची होती. दुसऱ्या मंगळवारी तिनं दगड आणला. आणि मी हसणाऱ्यांत हसत राहिलो.

आत्या. इकडं बघ.

"काय म्हणतोस? मला ऐकू येत नाही रे. मोठ्यानं बोल."

आत्या, तो बद्द रुपया मी टाकला होता.