गाडी बंद नव्हती

शेरीफ कार्यालय, लिंडेन क्रीक, नेब्रास्का. शुक्रवार, १४ मार्च, सकाळी ९.२०.

मी मार्लिन जोसेफ कुचेरा, वय ५९, धंदा स्वतःच्या ट्रकवर गुरांच्या खाद्याची वाहतूक, राहणार ४१२ एल्म गल्ली, लिंडेन क्रीक. विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. माझ्या शेडला लागून अर्विन स्लामा, वय ८४, यांचं घर आहे. ते शाळेत लोखंडकाम शिकवायचे. मला वेल्डिंग त्यांनीच शिकवलं, म्हणून मी त्यांना अजून मास्तरच म्हणतो. बायको गेल्यापासून तेही एकटे. पुतण्या ओमाहाला असतो, तो रविवारी दुपारी फोन करतो. बाकी कोणी येत-जात नाही.

माझा ट्रक १९८९ सालचा. केबिनमागे दोन उभे सरळ पाइप होते, सायलेन्सर नव्हता. जुन्या गाडीला सायलेन्सर लावणं आमच्यात कमीपणाचं समजतात. मीही समजत होतो. रोज पहाटे पाचला गाडी चालू करतो. ब्रेकची हवा भरून इंजिन तापेपर्यंत पंधरा मिनिटं ती जागेवरच धडधडायची. तेवढ्यात मास्तर ओसरीवर येऊन पातेल्याच्या झाकणावर डाव बडवायचे. "अरे गाढवा, पुरलेली माणसं उठून बसतील!" मी हात करायचो. हे अकरा वर्षं चाललं. गाडी निघाली आणि मास्तर आले नाहीत असा एक दिवस गेला नाही. बर्फ असलं तर कोट घालून यायचे.

त्यांनी दिलेल्या तक्रारी इथेच फाइलला असतील. ३ मार्चला डेप्युटी हॉलब माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मार्लिन, तुमच्या दोघांपायी दर सोमवारी माझी कॉफी गार होते. एकदाचं काय ते कर बाबा." मीही कंटाळलो होतो. भांडायचं तरी किती.

शनिवार ८ आणि रविवार ९ तारखेला मी शेडमध्ये दोन नवे पाइप बनवले. बाहेरून आठ इंची, आत भोकं पाडलेला पाच इंची, मधल्या जागेत आवाज दाबायला ग्लासवूल ठासलेली. सांधे घासून पुन्हा जोडले, कारण मास्तर बघितल्याशिवाय राहणार नाहीत हे ठाऊक होतं. शाळेत माझा सांधा बघून ते म्हणायचे, "यावरून कोंबडी चालत गेली का रे?"

रविवारी संध्याकाळी पाचला ते कुंपणाशी आले. चष्मा वर करून सांधे बघितले. "चालू कर बघू," म्हणाले. मी म्हटलं, "उद्या पहाटे ऐका मास्तर. ऐकू आलं तर." "नाही ऐकू आलं तर झाकण तुला बक्षीस," असं म्हणून ते आत गेले. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे ते त्याच रात्री पडले.

सोमवारी पाचला गाडी चालू केली. आवाज जवळजवळ नव्हताच. ओसरी रिकामी होती. मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा म्हाताऱ्याची झोपमोड झाली नाही म्हटलं. ओसरीवरचा दिवा जळत होता, विसरले असतील म्हटलं. मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. खाद्याच्या कोठारावर बाकीचे ड्रायव्हर म्हणाले, "शिवणयंत्र घेतलंस वाटतं!" मी म्हटलं, हसा लेको, आमचे मास्तर झोपतायत.

बुधवारी संध्याकाळी सहाला मी त्यांच्याकडे गेलो. काळजी वाटली म्हणून नाही. शाबासकी घ्यायला गेलो. बेकरीतून कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, घेतले होते. दार उघडलं नाही. खिडकीतून पाय दिसले. मागच्या दाराने आत गेलो. मास्तर स्वयंपाकघरात खाली पडले होते, खुबा मोडला होता. खालच्या कपाटाचं दार उघडं होतं. झाकण आणि डाव छातीशी होते. मी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि चमच्याने पाणी पाजलं.

ते शुद्धीवर होते. म्हणाले, "तीन दिवस गाडी का रे काढली नाहीस? तू बाहेर आलास की बडवायचं म्हणून जीव राखून होतो. आवाजच येईना. मला वाटलं तुझंच काही झालं. बरा आहेस ना?"

मी म्हटलं, "हो मास्तर. गाडी बंद होती."

"मग ठीक," म्हणाले.

काल गुरुवारी दुपारी ३.४० ला ते दवाखान्यात वारले.

ॲम्ब्युलन्सवरच्या बाईंनी माझं बोलणं ऐकून कागदावर लिहिलं आहे की ट्रक बंद असल्याने शेजाऱ्याला पत्ता लागला नाही. डेप्युटी हॉलब आज म्हणाले, "राहू दे ना तसंच मार्लिन. आता कुणाचं काय अडलंय?" मी म्हटलं, नाही, लिहा. गाडी बंद नव्हती. सोमवार, मंगळवार, बुधवार, पहाटे पाच ते सव्वापाच, मास्तरांच्या स्वयंपाकघरापासून चाळीस फुटांवर चालू होती.

हा जबाब डेप्युटी हॉलब यांनी मला वाचून दाखवला. शेवटचा भाग त्यांनी हळू आवाजात वाचला, म्हणून मी तो पुन्हा मोठ्याने वाचायला लावला. मी सांगितलं तेच लिहिलं आहे. खाली सही केली आहे.

मार्लिन जो. कुचेरा