दोघांच्याही सायकलची हवा

हसा लेको, पण तेव्हा मी जे केलं ते दोस्तीपायीच केलं. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं अन् आम्ही अकरावीत होतो, मी दुसऱ्यांदा. ट्यूशनमधली वर्षा पश्याले आवडे अन् दिल्यालेही. दोघंही माझे जिगरी.

एक दिवस वर्षाची सायकल दुरुस्तीले गेली. पश्या माझ्या कानात म्हणाला, "आज तिले बूढापाऱ्यात घरी सोडतो अन् मनातलं सांगून टाकतो. तू दिल्याच्या सायकलची हवा काढ." पाच मिनिटांनी दिल्या आला. त्याले पश्याच्या सायकलची काढून पाहिजे होती.

दोस्ताले नाही कसं म्हणू? मी दोघांचीही काढली.

ट्यूशन सुटली तर दोघं चपट्या चाकांजवळ उभे. वर्षा म्हणे, "अब मुझे कौन छोड़ेगा, भैया लोग?"

दोघांनीही मले हळूच डोळा मारला. प्रत्येकाले वाटे, मी त्याचाच माणूस. "तूच सोड तिले," दोघं सोबतच बोलले.

वाटेत कॅरिअरवरून वर्षानं विचारलं, "उन दोनों में अच्छा कौन है?"

आता एकाचं नाव घ्यावं तर दुसऱ्यावर अन्याय. म्हणून मी माझं सांगितलं.