जड पट्ट्या

वाद्यांच्या दुकानात दुरुस्तीला दिलेली गिटार घ्यायला मी थांबलो होतो. माझ्यापुढे एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची मुलगी होती.

“हा कीबोर्ड नको, याच्या पट्ट्या फार हलक्या आहेत.”

“मग हा मिडी कीबोर्ड बघा, काका. पट्ट्या पियानोसारख्या जड आहेत.”

“हं, हा बोटांना नीट लागतोय. हाच द्या.”

“आधीच सांगतो, याला स्वतःचा आवाज नाही. कॉम्प्युटर आणि स्पीकर जोडावा लागतो.”

“आवाज नसला तरी चालेल. हिच्या आईला आता ऐकूच येत नाही. जन्मभर पियानो शिकवला तिने. नव्या घरात तो मावेना, म्हणून देऊन टाकला. आता जेवताना टेबलावर बोटं चालवत बसते.”

“मग वायर नको?”

“नको, उगाच अडगळ.”

“वायर द्या हो, आणि स्पीकरही दाखवा.”

“अगं, ती ऐकणार आहे का?”

“बाबा, वाजवून झालं की आई तुमच्याच तोंडाकडे बघणार. कसं झालं ते तिला तिथेच कळतं.”

“मी मान डोलवीन की.”

“न ऐकताच?”

“...स्पीकर जरा चांगल्यातला दाखवा. माझं खोटं तिला लगेच कळतं.”